कबरीची खुशाली

कुमार परदेशी कामाला गेला. तिथं सरकारनं नेमलेल्या ॲपवरच बोलावं लागे, आणि सरकारी माणसं ते ऐकत बसतात, असं त्यानं जायच्या आधीच आईला सांगून ठेवलं होतं. "अडचणीत असलो तर कबरीचं विचारीन."

कबरी शेळी त्या दोघांनीच वेल्ह्याच्या माळावर पुरली होती.

आज फोनवर त्यानं विचारलं, "आई, कबरी कशी हाय?"

ठकुबाई फोन घेऊन अंगणात आली. दरीतून धुकं वर चढत होतं, आणि त्यात कबरीची घंटा वाजल्यागत झालं.

"लई उंडगी झालीया," ती म्हणाली. "पर म्या गोठ्याचं दार लावत न्हाई. कवाबी येऊ दे."

पलीकडं काहीतरी खट्ट वाजलं. मग भलताच एक आवाज शुद्ध मराठीत हळुवारपणे म्हणाला, "ठकुबाई, कबरी कोण?"