बाभळीचे काळे आसू

या, जवळ सरका. टाळ घडीभर खाली ठेवा. बुवा कीर्तनाला उभे राहायला अवकाश आहे. तोवर आमच्या देवळीकडची एक गोष्ट सांगतो.

प्रेमदास वेल्डर. सारा जन्म लोखंडात गेलेला, लाकडाची ओळख नाही. स्वतःचं वर्कशॉप हवं म्हणून त्यानं शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या आपल्याच बाभळी तोडल्या, आरा मशीनवर चिरून आणल्या आणि ओल्याच फळ्यांना खिळे ठोकून भिंती उभ्या केल्या. आठ दिवसांत एकेका खिळ्याखालून काळे ओघळ उतरले. भिंत रडत होती जणू.

गाव लोटलं. मागोमाग गावोगाव तीर्थ देत फिरणारे वनदासबाबा आले. संकट मोठं असलं की बाबांचं मराठी हिंदीत जायचं.

"पेड की हाय लगी है! बाभळीला जीवाच्या बदल्यात जीव पाहिजे."

त्यांची नजर फिरत फिरत प्रेमदासच्या बायकोच्या, सरिताच्या पोटावर थांबली. सातवा महिना.

बाबांनी कमंडलूतलं तीर्थ फडक्यावर घेऊन फळी पुसली. ओघळ विरले! खोटं कशाला बोलू, टाळ्या मीही पिटल्या.

"बेटी, दवाखान्याच्या गोळ्या बंद. लोखंड आहे त्यात. लोखंडानंच झाडाला छेदलं. आता फक्त माझं तीर्थ."

सरिताच्या अंगात रक्त कमी, ओठ पांढरेफटक. तिनं मुकाट्यानं गोळ्यांचं पाकीट बाबांपुढे ठेवलं.

उचललं ते घरोघरी गोळ्या पोचवणाऱ्या आशाताई पौर्णिमानं.

"काऊन वो ताई, देवाच्या कामात हात घालून राह्यल्या?" प्रेमदास चिडला.

"देवाच्या नाई भाऊ, बाबाच्या. जा, कोरा कडक चहा आण. अन् एक लिंबू."

"बाबाले पाहुणचार काय?" कोणीतरी मागून हसलं.

पौर्णिमानं गोळी कुटून, पाण्यात कालवून चहात ओतली. चहा शाईसारखा काळा! वर लिंबू पिळलं, काळेपणा ओसरला.

"चहासोबत गोळी घेऊ नका म्हणून घरोघरी बोंबलते ना मी? चहात जो तुरटपणा, तोच बाभळीत. ओल्या लाकडात लोखंड गेलं का काळं होते. आंबट लागलं का जाते."

प्रेमदासनं कमंडलूत बोट बुडवून चाटलं. त्याचा एक डोळा मिटला.

"लिंबू हाय बे!"

बाबांनी झोळी उचलली.

"थांबा," पौर्णिमा म्हणाली. आवाज खाली आला होता. "माझं माहेर रोहणा. चारुता माझी धाकटी बहीण. तिच्याही गोळ्या तुम्हीच बंद केल्या होत्या. बाळंतपणात रक्त गेलं, ते थांबलंच नाही. ती गेली."

बाबा दाराकडे वळले. दारातली माणसं मात्र हलली नाहीत. प्रेमदासनं पोलीस पाटलांना फोन लावला.

फळ्या उतरवून, सावलीत वाळवून वर्कशॉप पुन्हा उभं झालं. सरिताची लेक आता त्याच दारात रांगते.

मी भाविक माणूस. कीर्तनात आजही डोळे पुसतो. पण औषध सोड, असं देव कधी म्हणत नाही. असं म्हणतो तो माणूसच. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी हात लावून पाहा, विचारा.

आणि आता गजर सुरू होईल, तेव्हा एकदा रोहण्याच्या त्या चारुताची आठवण काढा.