कयल मेली तो शुक्रवार

कयल मेली त्या शुक्रवारी सकाळी तंजावूरच्या बसस्टँडवर पहिलं डोकं फुटलं ते पेपरवाल्याचं. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. मद्रासहून आलेलं साप्ताहिकांचं बंडल सोडून त्यानं अंक दोरीला अडकवले, एवढंच. पहिला अंक घेणाऱ्या कॉलेजच्या पोरानं मागची दोन पानं तिथंच उभ्या उभ्या वाचली, परत वाचली, आणि शेजारच्या टपरीवरची सोड्याची बाटली उचलून पेपरवाल्याच्या टाळक्यात हाणली. दुपारपर्यंत गावात त्या साप्ताहिकाचा अंक औषधालाही उरला नाही. थोडे विकले गेले, बाकीचे लोकांनी रस्त्यात ढीग घालून पेटवले. त्या ढिगाला वळसा घालणाऱ्या एका मोपेडवाल्या कारकुनाला खाली ओढून असं तुडवलं की त्याच्या बरगड्या मोडल्या. तो कयलच्या मरणावर हसला, असं कुणीतरी म्हणालं होतं.

कयल ही हाडामांसाची बाई नव्हे. त्या तमिळ साप्ताहिकात दर आठवड्याला दोन पानं एक चित्रकथा यायची, त्यातली ती अवकाशयानाची कप्तान. पृथ्वीवरचं पाणी आटलं, सात यानं नवं घर शोधायला निघाली, सहा हरवली, सातवं कयलचं. तेरा वर्षं ते यान फिरत होतं. शाळेत असताना वाचायला लागलेली पोरं बाप झाली, तरी कयल फिरतच होती.

ती चित्रं काढायची भामा. चाळिशी ओलांडलेली, लग्न न केलेली, राजवाड्यामागच्या गल्लीत थोरल्या भावाच्या घरी राहणारी. घरात मराठी बोलायची, लिहिणं-वाचणं सगळं तमिळ. कथा लिहिणारा मद्रासला असे आणि टोपणनावानं लिही. तेरा वर्षांत असे तीन लेखक बदलले, वाचकांना पत्ताही लागला नाही. पण चित्राच्या कोपऱ्यात भामाची सही असायची, आणि भामा हाकेच्या अंतरावर होती. त्यामुळे तंजावुरात कयल भामाची.

त्या वर्षी, म्हणजे पंचाण्णव साली, साप्ताहिक नव्या मालकानं विकत घेतलं. घराघरांत केबल आली होती, छपरांवर तबकड्या उगवत होत्या. मालकाला ती दोन पानं टीव्हीच्या कार्यक्रमांसाठी हवी होती, नट्यांच्या रंगीत फोटोंसकट. तीन अंकांत संपवा, असा निरोप आला. लेखकानं संपवलं. उल्का आदळते, यान फुटतं, इंजिनाच्या खोलीत कयल एकटी गारठून मरते. भामानं एसटीडी बूथवरून मद्रासला फोन लावला. उपसंपादक म्हणाला की मालकांनी कथा वाचलेलीच नाही, तुम्ही चित्र पाठवा. मग भामानं काढलं. जे काढायचं ते नीट काढायचं, ही तिची खोड. कयलच्या पापण्यांवर तिनं बर्फाचे कण काढले, ओठ किंचित उघडे ठेवले. छपाईला गेलेलं ते पान बघून छापखान्यातले जुळारीसुद्धा हातातलं काम सोडून उभे राहिले म्हणतात.

दुपारी भाऊ सुरेंद्र वीज मंडळाच्या कचेरीतून धापा टाकत घरी आला. बायको विनुता माहेरी कुंभकोणमला गेली होती, ते एक बरं होतं. त्यानं भामाला सांगितलं, परसदारानं निघ, सरळ स्टेशन गाठ.

"मी काय म्हणून पळू, अण्णा?" भामा म्हणाली. "मी कोणाला मारलंय?"

सुरेंद्रनं जळक्या कडांचा अंक तिच्यापुढे टाकला. "मारलंसच की."

एवढ्यात कौलांवर पहिला दगड पडला.

गल्ली तोंडापर्यंत भरली होती. पुढं निळ्या गणवेशातली माणसं, दंडावर काळ्या फिती. कयलच्या रसिक मंडळाचे हे लोक दरवर्षी तिच्या वाढदिवसाला मिरवणूक काढत, पोस्टरवर दूध ओतत, आणि मग भामाच्या दारापुढच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, बसून तिच्याकडून पुढची गोष्ट काढून घेऊ बघत. भामा त्यांना कॉफी देई, पुढचं कधी सांगत नसे. आज त्यांच्या मागं तिला न ओळखणारी दोनशे माणसं होती, आणि त्यांच्या हातात सायकलच्या चेन आणि कुंपणाच्या काठ्या होत्या.

सुरेंद्र बाहेर गेला. आयुष्यभर कचेरीत संतापलेल्या लोकांना समजावत आलेला माणूस तो. तिण्णैवर उभं राहून, हात जोडून तो तमिळमध्ये बोलू लागला, की माझी बहीण फक्त चित्रं काढते, लिहिणारा दुसराच आहे. त्याचं वाक्य पुरं झालं नाही. चेन त्याच्या तोंडावर बसली. भामानं खिडकीतून पाहिलं, तो दमल्यासारखा खाली बसला, हनुवटीवरून रक्ताची धार लागली, आणि दोन दात तिण्णैच्या गुळगुळीत सिमेंटवरून घरंगळत गेले. मग लाथा सुरू झाल्या.

भामानं दार उघडलं.

मारणारे हात थांबवले ते अमरसिंहानं. अमरसिंह मंडळाचा अध्यक्ष. जुन्या सरदार घराण्यातला, भातशेतीवाला, पस्तिशीचा, देखणा गडी. कॉलेजात असताना याच तिण्णैवर बसून त्यानं भामाकडून कयलचं चित्र गिरवून घेतलं होतं. त्यानं दोघांकडून सुरेंद्रला उचलून आत आणवलं, खांबाला टेकवून बसवलं, आणि चेनवाल्याला त्याच्याशेजारी उभं केलं. वीसएक माणसं आत शिरली. बाकीची खिडकीच्या गजांना लोंबकळली.

"भामाक्का," अमरसिंह अगदी अदबीनं म्हणाला, "तुम्ही तिला मारलीत, तुम्हीच उठवा. इथंच, आमच्या समोर."

भामानं मद्रासच्या लेखकाचं सांगायला तोंड उघडलं. त्यानं मान हलवली. मद्रासवाल्याला आम्ही ओळखत नाही, म्हणाला, तिचं तोंड तुमच्या हातचं आहे.

ती जमिनीवर बसली. मांडीवर फळी घेतली, कागद लावला, शाई, कुंचले, कागद कापायची सुरी, सगळं रोजच्यासारखं उजव्या हाताला मांडलं. कुणीतरी सुरेंद्रच्या तोंडाला ओला पंचा लावत होतं. तो नामदेव होता, ओरत्तनाडूचा शिंपी. मंडळाचे सगळे निळे गणवेश त्यानंच शिवले होते, शिलाई न घेता. सकाळच्या बसनं तो आसपासच्या खेड्यांतली पोरं घेऊन आला होता आणि आल्यापासून रडत होता, चारचौघांत, लाज न बाळगता.

पहिल्या चौकटीत भामानं इंजिनाच्या खोलीचं दार काढलं, किलकिलं, फटीतून उजेड. खोलीतला श्वासन् श्वास ऐकू येऊ लागला. दुसऱ्या चौकटीत कयलचे डोळे. पापण्यांवर बर्फ तसंच ठेवलं आणि डोळे उघडले.

"उठली," खिडकीतला एक जण रस्त्याकडे तोंड करून ओरडला. सगळी गल्ली गरजली. चेनवाल्यानं चेन मनगटाला गुंडाळून ठेवली. खरं सांगायचं तर त्या घटकेला भाऊ रक्तानं माखलेला समोर बसलेला असूनही तिला आनंद झाला. कयलला मारलेलं तिलाही पटलं नव्हतं.

तिसरी चौकट कोरी होती. कयल यंत्रांच्या ढिगाऱ्याखाली अडकलेली, कमरेपर्यंत. तिला कुणीतरी ओढून काढायला हवं होतं.

अमरसिंह म्हणाला की ती आपली आपण उठेल. नामदेव मागून हळूच म्हणाला की इनियन दाराबाहेरच आहे, मागच्या अंकात तसं दाखवलंय.

"तो खाणीतला नको," अमरसिंह म्हणाला.

खोलीतली शांतता बदलली. इनियन म्हणजे कयलच्या यानाचा चालक. कथेत तो चंद्रावरच्या खाणीत जन्मलेला गुलाम, मनगटावर डागणीची खूण. कयलच्या माणसांत त्याच्या भांड्यातलं पाणी कुणी पीत नसे. तेरा वर्षं ती दोघं एका यानात होती आणि एकदाही त्यांनी एकमेकांना स्पर्श केला नव्हता. वाचक त्याच एका चौकटीची वाट बघत होते. पण सगळेच एका मनानं बघत नव्हते. खेड्यांतून बसनं येणारी पोरं मिरवणुकीत इनियनचं पोस्टर धरायची. गावातल्या मोठ्या घरांतली फक्त कयलचं धरायची. तेरा वर्षांत यावर कुणी चकार शब्द काढला नव्हता. आता दोन्हीकडची पोरं एका खोलीत दाटीवाटीनं उभी होती, आणि कोण कुठल्या बाजूला सरकतंय ते दिसत होतं.

भामानं कुंचला शाईत बुडवला. एकटी उठलेली कयल काढायला तिला दहा रेघा पुरल्या असत्या. सगळे घरी गेले असते. सुरेंद्र तिच्याकडे बघत होता. त्याला बोलता येत नव्हतं, पण तो बहिणीला ओळखत होता. तो मान हलवत राहिला, नको, नको.

तिला अमरसिंहाचा राग आला होता. भावाच्या दातांचाही होता, पण त्याहून जास्त त्या तीन शब्दांचा. इनियन तिनं जन्माला घातला होता. लेखकानं फक्त 'एक गुलाम' एवढं लिहून धाडलं होतं. त्याचे खांदे, त्याची मान, त्याचं खाली बघणं तिचं होतं. हा माणूस तिच्याच घरात उभा राहून त्याला बाहेर ठेवा म्हणत होता.

तिनं इनियनचा हात काढला. काळा, रुंद, नख फुटलेला, मनगटावर डाग. कयलच्या बोटांभोवती घट्ट मिटलेला.

नामदेवानं तो आधी पाहिला. रडत रडतच तो हसला. "आला," म्हणाला.

अमरसिंहानं वाकून चित्र पाहिलं. मग बूट घातलेला पाय उचलला आणि शाईकडे जमिनीवर टेकलेल्या भामाच्या उजव्या हातावर आणला, सगळं वजन टाकून, आणि टाच फिरवली. बोटं मोडल्याचा आवाज भामाला आधी ऐकू आला, कळ नंतर आली. ती किंचाळली तेव्हा नामदेव अमरसिंहाच्या अंगावर होता. किरकोळ अंगाचा शिंपी तो, पण त्यानं अमरसिंहाचं डोकं धरून खांबावर एकदा, दोनदा आपटलं. शाई सांडली. दोघे त्या शाईत लोळले. भामा डाव्या हातानं सुरी शोधत होती, कुणाच्या हाती लागू नये म्हणून, पण ती जागेवर नव्हती. अमरसिंहाच्या मुठीत होती. त्यानं ती नामदेवाच्या पोटात खुपसली, काढली, आणि पुन्हा खुपसली. तेरा वर्षं कयलच्या वाढदिवसाला एका पानावर जेवलेली माणसं ती.

पुढचं भामाला तुटक तुटक आठवतं. खोलीतले वीस जण एकमेकांवर पडले. चेनवाल्यानं खेड्यातल्या एका पोराचा कान अर्धा उतरवला. त्या पोराच्या भावानं पितळी समई उचलून चेनवाल्याचा जबडा मोडला. मारामारी दारातून गल्लीत सांडली आणि गल्लीतून बाजारात. मग कोण कुठला, कयल कोण, हे न विचारता दुकानं फुटली. लाठ्या घेऊन पोलीस आले ते चार वाजता, आणि त्यांनीही समोर येईल त्याला झोडपलं.

रिक्षात नामदेवाचं डोकं भामाच्या मांडीवर होतं. डाव्या हातानं ती पंचा त्याच्या पोटावर दाबून धरत होती. पंचा केव्हाच चिंब झाला होता. त्यानं पाणी मागितलं, तिनं दिलं नाही, पोटात जखम असताना देऊ नये असं तिला वाटलं.

"घरी पोलीस नका पाठवू, अक्का," तो म्हणाला. "अलमेलु भिईल."

दवाखान्याच्या फाटकापाशी तो गेला.

खटला दीड वर्षानं उभा राहिला. तोवर नव्या मालकानं दंगलीच्या बातम्यांनी खप वाढलेला बघून कयलला परत आणलं होतं, दुसऱ्या चित्रकाराकडून. चार अंकांत लोक कंटाळले आणि ती बंद पडली. सुरेंद्रला कवळी बसली. भामाची तीन बोटं वाकडी सांधली गेली, चहाचा कप धरता येई, कुंचला नाही.

अमरसिंहाच्या वकिलानं तिला विचारलं की तो हात काढल्यावर आरोपी भडकेल, हे तुम्हाला ठाऊक होतं का. सरकारी वकिलानं आधीच बजावलं होतं, सांगा की घाबरून काय काढतेय ते कळत नव्हतं.

"ठाऊक होतं," भामा म्हणाली. "मी मुद्दाम काढला."

अमरसिंह पिंजऱ्यात उभा होता. त्यानं मान वर केली आणि पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ बघितलं. त्याला जन्मठेप झाली. तिच्या उत्तरानं ती ना वाढली, ना कमी झाली.

घरी आल्यावर दारात चपला काढताना सुरेंद्र म्हणाला, "एक हात नसता काढलास तर तो शिंपी जगला असता." भामा आत जाऊन पानं मांडू लागली.

दुसऱ्या दिवशी ती बसनं ओरत्तनाडूला गेली. नामदेवाचं दुकान आता त्याची बायको अलमेलुच चालवत होती. ती मशीनवर वाकून कुणाचंतरी परकर-पोलकं शिवत होती. भामानं उभ्यानंच तिला सगळं सांगितलं, कोर्टात सांगितलं तसंच, तो हात काढणं टाळायचं म्हटलं असतं तर टाळता आलं असतं, हेही. अलमेलुनं मशीन थांबवलं, उठली, आणि तिच्या कानाखाली वाजवली. भामा हलली नाही.

मग अलमेलुनं विचारलं, ते चित्र त्यांनी पाहिलं का. भामा म्हणाली, पाहिलं, सगळ्यांच्या आधी. तेव्हा कसे दिसत होते, तिनं विचारलं. भामा म्हणाली की हसले.

अलमेलुनं तिला पुन्हा मारलं, पहिल्यापेक्षा जोरात. मग परत जाऊन मशीनवर बसली, पण पाय पायट्यावर ठेवला नाही. भामा दाराशी उभी राहिली. परतीची बस येऊन गेली, पुढचीही गेली. अलमेलुनं तिला बस म्हटलं नाही, जाही म्हटलं नाही.