मेथी ताटात आली की जा

कांता, तू शेजारीण आहेस, तूच सांग, माहं काय चुकलं? माह्या शालिकरामले कोराडीच्या पॉवर हाऊसात नोकरी लागली न त्यानं मागचं आंगण सिमेंटचं करून घेतलं. धूळ नको म्हणे. मले काय चाटायचं होतं ते सिमेंट? मले भाजीचे वाफे पाहिजे होते. घरात धडधाकट सून होती, ते काय नुसती बसवून ठेवू?

दिवाळी झाली न गोपिकाले माहेरचा निरोप आला. रामटेकले तिची माय अंथरुणाले खिळली. झालं, बाईसाहेब लागल्या मागं. "आत्याबाई, दोन दिवस जाऊन येऊ?"

मी म्हटलं, "जा ना, कोण अडवते? आंगण फोड, मेथी लाव. मेथी माह्या ताटात आली की जा."

शालिकराम म्हणे, मजूर लावतो. मी म्हटलं, "मजूरच लावायचे तं बायको काहाले आणली?"

फोडलं वं बाई तिनं! घन न सब्बल घेऊन. तळहाताची सालं निघाली तं चिंध्या बांधून फोडून राहिली होती. मेथी उगवली तशी धावत आली. "आत्याबाई, उगवली. जाऊ?"

"उगवली म्हणलं होतं का मी? ताटात म्हणलं होतं."

मग नाही विचारलं तिनं. पाणी टाके न वाफ्यापाशी बसून राहे. अशानं का मेथी लवकर वाढते?

काल गुरुवार, माहा उपास. दिवसभर मी देवीच्या देवळात होती. संध्याकाळी आली तं चुलीवर मेथी शिजून राहिलेली. मले मोठी खुशी झाली. तिच्याच हातानं देवाले निवद दाखवला न मी उपास सोडायले बसली. खोटं काहून बोलू, भाजी फर्मास झाली होती. दुसऱ्यांदा मागून खाल्ली.

ती समोर उभी, हातात थैली.

"पोट भरलं, आत्याबाई?"

"भरलं."

"दुपारी भाऊ सांगून गेला. माय सकाळीच गेली. मले सुतक आहे."

अवं माय! सुतकाच्या हातचा निवद! सुतकाच्या हातचा घास, तोही उपासाच्या तोंडी! मी मोरीत जाऊन घशात बोटं घातली, पण काहीच बाहेर आलं नाही. ती दारातून पाहून राहिली होती.

"आली ना ताटात? आता जातो," म्हणे.

न शालिकरामनं, माह्या पोटच्या पोरानं, तिची थैली उचलली न तिच्यासंगं गेला. मागं वळूनही नाही पाह्यलं मेल्यानं.

मायबाप तं सगळ्यायचेच मरते. माहा गुरुवार मोडला, त्याचं काय? आता देव कसा शुद्ध करू, सांग.

अवं कांता, तू काहून उठली? चहा तं घे.