कुंपणाच्या गोष्टीच्या अकरा प्रती

टेबलाभोवती बारा खुर्च्या, बारा माणसं: दहा विद्यार्थी, शिकवणाऱ्या लॉर्ना आणि मी. ताटलीत रूबार्ब पाय या आंबटगोड पदार्थाचे आठ तुकडे. माझ्या गोष्टीच्या प्रती अकरा. तीन वाजून पाच मिनिटं.

मी अजून या लेखनवर्गाची विद्यार्थिनी नव्हते. मातीशास्त्रात पदवी झाली होती. एकीकडे त्यातच पीएच.डी.ची जागा, दुसरीकडे इथली लेखनाची तीन वर्षांची पदव्युत्तर पदवी, आणि कळवायची मुदत आज पाचपर्यंत. ‘एकदा वर्गात बसून बघ,’ म्हणून बोलावलं होतं, चर्चेसाठी माझी एक गोष्टही आधीच मागवून घेतली होती.

“एम.ए. दोनच वर्षांचं असतं, पण त्यात निम्मी समीक्षा,” शेजारची ओडेसा सांगत होती. ती दुसऱ्या वर्षाला होती. “नाहीतर हीच पदवी, पण वर्षातून दोनदा दहा-दहा दिवस यायचं, बाकी घरून. माझी मावशी तसंच करतेय, गाई सांभाळून. नंतर हवी तर पीएच.डी. आहेच.”

“म्हणजे कुठूनही गेलं तरी पीएच.डी.च.”

“सुटका नाही गं.”

माझ्या गोष्टीत एक बाप दर रविवारी नदीकाठचं कुंपण दुरुस्त करतो. कुंपण मोडलेलं नसतं. त्याचा मुलगा तिथे बुडालेला असतो, पण ते मी कुठेच लिहिलं नव्हतं. गाडीत लहान हातमोज्यांचा एक जोड होता, एवढंच. अकरापैकी सहा जणांना न सांगता कळलं तर इथे सही करायची, नाहीतर माती, असं मी ठरवलं होतं.

इथला नियम असा की चर्चा चालू असताना लेखकाने बोलायचं नाही. मला सवय प्रबंधाच्या तोंडी परीक्षेची. तिथे गप्प बसणारा नापास.

“हा माणूस कामाचा वेडा आहे,” क्लेमेंट म्हणाला. त्याचा आवाज सगळ्यांत मोठा. “आमचे आजोबा असेच होते. कुंपण म्हणजे कुंपण.”

“आणि ते हातमोजे?” कुणीतरी विचारलं.

“बायकोचे असतील.”

चौघांनी माना डोलावल्या.

“नाही, ते...” मी म्हणाले.

“मॅरिट, बाई, तू आत्ता खोलीत नाहीस,” लॉर्ना म्हणाल्या. सगळे हसले. ओडेसाने पायचा तुकडा माझ्याकडे सरकवला. “हे घाल तोंडात.”

पस्तीस मिनिटांत नदीचं नाव एकदाच निघालं. बहुतेक वेळ आजोबांवर गेला. मी मनात मातीच्या प्रयोगशाळेची किल्ली घेऊन ठेवली.

“चला, प्रती परत द्या,” लॉर्ना म्हणाल्या.

हे मला माहीत नव्हतं. प्रत्येकाने गोष्ट घरी वाचून समासात पेन्सिलीने लिहिलं होतं, खाली तारीखही होती. सगळ्या तारखा कालच्या किंवा परवाच्या. म्हणजे क्लेमेंटचं बोलणं कानावर पडण्याआधीच्या अकरा स्वतंत्र नोंदी.

मी बाहेर जिन्यात बसले आणि प्रत्येक प्रतीतलं हातमोज्यांचं पान काढलं. ओडेसाने लिहिलं होतं: ‘मुलगा. नदी.’ लॉर्नांनी फक्त एक रेघ मारली होती. ती कशासाठी ते कळेना, म्हणून मोजणीत धरली नाही. क्लेमेंटच्या प्रतीत ‘मुलगा गेला का?’ असं लिहून खोडलं होतं, वर ‘बायकोचे’. खोडलेलंही धरलं नाही.

सगळ्या प्रती दोनदा मोजल्या. अकरापैकी सहा जणांना कळलं होतं. वेळ चार वाजून सोळा मिनिटं.