दुपारचं उघडं दुकान

जयंतीभाईंनी खडू पाण्यात बुडवून फळ्यावर पिठाच्या गिरणीची बातमी लिहिली, खाली न्हाव्याच्या द्वारकायात्रेची लिहिली आणि कंचनबेनची बातमी ऐकून खडू खाली ठेवला.

"हे मी लिहिणार नाही, बेन."

गोंडलच्या बाजारात चौकातला फळा म्हणजे व्यापाऱ्यांचं वर्तमानपत्र. कुणी नवा काटा आणला, कुणाकडे लग्न म्हणून दुकान बंद, सगळं तिथे यायचं. वह्या-पुस्तकांचं दुकान सांभाळून जयंतीभाई ते फुकट लिहीत, आणि म्हणून स्वतःला संपादक समजत. कंचनबेनच्या खाकऱ्याच्या दुकानाची बातमी मात्र भलतीच होती: उद्यापासून दुकान दुपारी एक ते चारही उघडं राहील. या गावात त्या वेळी जावई आला तरी ओट्यावर ताटकळत बसतो. एकीनं उघडलं की दुसऱ्याला उघडावं लागणार, मग तिसऱ्याला, आणि अख्ख्या बाजाराची झोप उडणार.

"कोण येणार आहे तुमच्याकडे त्या वेळी?"

"कुणी न का येईना. घरी दुपार सरत नाही, भाई."

कंचनबेनचे यजमान प्रभुदासभाई गेले त्याला अजून वर्षही झालं नव्हतं. जयंतीभाईंनी मान खाली घालून लिहून टाकलं.

बाजार खवळला. कंचनबेनच्या शेजारचा कापडवाला रतिलाल म्हणाला, बाईमाणसाला मी काय बोलू, तुम्ही लिहिलंत, तुम्हीच निस्तरा. शेवटी एके दिवशी जेवण झाल्यावर जयंतीभाई स्वतःची झोप मोडून चडफडत निघाले. धंदा करा, पण बाजाराची रीत मोडू नका, असं सुनवायचं त्यांनी रस्ताभर घोकलं.

बाजारात चिटपाखरू नव्हतं. जे घरी गेले नव्हते ते अर्ध्या ओढलेल्या शटरांमागे गाद्यांवर आडवे झाले होते. एकटं कंचनबेनचं दुकान सताड उघडं. आत खुर्चीत मान टाकून त्या गाढ झोपल्या होत्या.

जयंतीभाई हाक मारणार, तोच शेजारच्या शटरखालून रतिलालचं घोरणं आलं. खर्जातून सुरू होऊन शेवटी शिट्टी. प्रभुदासभाईही अस्सेच घोरायचे. या माणसानं मला जन्मात दुपारी डोळा लागू दिला नाही, अशी तक्रार कंचनबेननी गल्लीत कुणापाशी केली नव्हती? जयंतीभाईंना एकदम भरून आलं. ते तिथेच ओट्यावर बसले.

थोड्या वेळानं खेड्यातला एक तरुण मोटारसायकलवरून आला आणि मेथीचे खाकरे मागू लागला. जयंतीभाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

"चारनंतर ये."

"दुकान तर उघडं आहे की, काका."

"उघडंच आहे. हळू बोल."

संध्याकाळी रतिलालनं विचारलं, समजावलंत का बाईंना? जयंतीभाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. उन्हातान्हाचा घरी जात जाऊ नकोस, दुकानातच झोपत जा, एवढंच ते म्हणाले. यांना ऊन लागलं असावं, असं रतिलालला वाटलं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर सगळ्यात वर, ठळक अक्षरांत बातमी होती: कंचनबेनचं खाकऱ्याचं दुकान दुपारी एक ते चार उघडं राहील. गिऱ्हाइकांनी चारनंतर यावं.