जयरामच्या नावाचा तांब्या

मी एक जुना पितळी तांब्या आहे. नाशिकच्या तांबट आळीत ठोके खाऊन खाऊन मी गोल झालो. तेवढे ठोके तुम्हाला पडले असते, तर मित्रांनो, तुम्ही शाळाच सोडली असती.

जयराम हवाई दलात पायलट झाला, तेव्हा त्याच्या वडिलांनी, कारभारी गांगुर्डे यांनी, मला विकत घेतलं. दुकानातच माझ्या पोटावर नाव घालून घेतलं, 'चि. जयराम कारभारी गांगुर्डे'. लहानपणी गावच्या विहिरीवर कारभारींना वरून ओतलेलं पाणी ओंजळीत धरून प्यावं लागे. म्हणून नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या आपल्या घराच्या ओट्यावर ते मला भरून ठेवत आणि म्हणत, "माझ्या पोराच्या नावाचा तांब्या हाय. तहान लागंल त्यानं तोंड लावून प्यावं." पोस्टमन प्यायचा, भाजीवाली प्यायची. मला भारी मिरवल्यासारखं वाटे.

जयराम बाँबफेकी विमान चालवायचा. सुट्टीवर आला की उंबऱ्यातच मला तोंड लावी आणि निम्मं पाणी सदऱ्यावर सांडी. एकदा त्याच्या आईने, विमलाबाईंनी, विचारलं, "वरून आपलं घर दिसतं का रे?"

"घरं दिसत नाहीत, आई. दिसली तर बाँब टाकवणार नाही." तिचा चेहरा उतरलेला पाहून तो म्हणाला, "पण उन्हात काही चकाकलं, तर दिसतं हं."

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई झाली. त्याचं विमान गेलं ते परतलं नाही. तारेत 'बेपत्ता' एवढंच होतं. पुढे युद्धकैदी सुटून आले, त्यांतही जयराम नव्हता.

तेव्हापासून विमलाबाई मला रोज राखेने, चिंचेने घासून उन्हात पत्र्यावर ठेवू लागल्या. ओझरच्या विमानतळाकडून विमानाचा आवाज आला की हातातलं काम टाकून बाहेर येत. घरात स्टील आलं, बाकीचं पितळ मोडीत गेलं, मी तेवढा राहिलो. शेजारणी माझ्या लखलखाटाचं कौतुक करत आणि मी फुगत असे. पण त्या घासण्याने नाव झिजत होतं. आधी 'चि.' गेलं, मग आडनाव. चौऱ्याऐंशी साल आलं तेव्हा माझं पोट गुळगुळीत झालं होतं.

दोघं मला भांडीबाजारात, नावं घालणाऱ्या धोंडीरामकडे घेऊन गेले. त्याने छिन्नी उचलली. "नावाआधी काय घालू? चिरंजीव, का कालकथित?" आमच्या बौद्ध समाजात गेलेल्या माणसाच्या नावाआधी कालकथित लिहितात.

कारभारींनी माझ्या कोऱ्या पोटावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "कालकथित घाला."

विमलाबाईंनी मला हिसकावून घेतलं. "नाय! पोरगा हरवलाय माझा. मेला म्हणून कुणी सांगितलं तुमाला?"

"बरं, मग चिरंजीव घालतो, बाई," धोंडीराम म्हणाला.

विमलाबाईंनी तोंड उघडलं. पण 'घाल' हा शब्द काही फुटेना. मला पदराखाली धरून त्या चालू लागल्या. मी कोराच घरी आलो.

पुढच्या वर्षी कारभारी वारले. त्यांच्या फोटोखाली कालकथित लिहिलं, त्या फोटोला बाईंनी स्वतः हार घातला. ओट्यावर मी अजून भरलेला असतो, पण घरोघरी नळ आलेत. चुकून कुणी प्यायलाच, तर तांब्या कुणाचा, असं विचारत नाही.

मित्रांनो, आम्हा भांड्यांनी शेवटी 'आम्हाला स्वच्छ ठेवा' असं सांगायचं असतं. मी नाही सांगणार. तुमच्या घरातल्या भांड्यांवर ज्यांची नावं असतील, ती दिसताहेत तोवर मोठ्याने वाचा आणि ती माणसं कोण होती, ते आईला विचारा. माझ्यावर वाचण्यासारखं काही उरलं नाही. जयराम येणार नाही, हे मला केव्हाच कळून चुकलं आहे. विमलाबाईंनी उद्यासाठी राख चाळून ठेवली आहे.