वांग्याच्या पानावरची पिवळी अंडी

मोतीबिंदूने दिसेनासं झालं तरी इबू (म्हणजे आई) कासिनाह यांनी परसबागेची सत्ता सोडली नव्हती. बांबूच्या बाजेवर बसून त्या विचारायच्या, सून वेनिंग पानं उलटून त्यावरची किडींची अंडी कशी दिसतात ते सांगायची, आणि मग इबूंचा निकाल: ठेव, नाहीतर चिरड.

त्या सकाळी मुलगा बाग्यो पाठीला फवारणीचा पंप लावूनच आला. "वांगी, मिरची, दोन्हीवर पिवळी अंडी आहेत. सगळंच मारून टाकतो."

"पंप खाली ठेव आधी," इबू म्हणाल्या. "वेनिंग, अंडी उभी आहेत ना?"

"हो. बाटल्या मांडून ठेवल्यासारखी."

"मग ढालकिडा, तो ठिपक्यांचा गोल किडा. झाडाचा रस शोषणारा मावा खातो तो, आपल्या कामाचा. ठेव."

वेनिंगने मिरचीचं पान सोडलं. वांग्याचं हातातच राहिलं.

"इबू, मिरचीवरची एकमेकांना चिकटलेली आहेत. ही सुटी वाटतात."

"वाटतात म्हणजे?"

तिने पान उन्हाकडे धरलं. "सुटीच आहेत. मधे फटी दिसतायत. आणि मिरची माव्याने भरलीय, वांग्यावर मावा औषधालाही नाही."

"सासूला शिकवतेस?"

"तुम्ही विचारलंत, म्हणून दिसतं ते सांगतेय."

"तुमचं ठरेपर्यंत वांगी संपतील," बाग्यो पुटपुटला.

इबूंनी हात पुढे केला. पानावरून अंगठा हलकेच फिरवला, पुन्हा फिरवला. मग पान परत दिलं.

"बोटांनाही कळेना गं आता. तूच सांग."

वेनिंगने पान पुन्हा एकदा निरखलं; ते काही खोटं बोलत नव्हतं. "हा पानं खाणारा भुंगेरा. चिरडते."

"चिरड. एक पान बरणीत ठेव. चुकलीस तर वर्षभर ऐकवीन."

वेनिंगने वांग्याचा सगळा वाफा पिंजून काढला. मिरचीला कुणी हात लावला नाही.

आठवड्याच्या आत बरणीतून काटेरी पिवळ्या अळ्या निघाल्या आणि त्यांनी पान खरवडून त्याची जाळी केली. तिकडे मिरचीवर काळ्या अळ्या मावा फस्त करत सुटल्या होत्या. वेनिंगने सगळं सांगितलं. इबूंनी मान डोलावली आणि कुंपणापलीकडच्या शेजारणीला हाक मारली,

"जमिला! परवा पानं दाखवायची म्हणत होतीस ना? घेऊन ये. माझ्या सुनेला दाखव!"